‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. हा विषय पाठात नाही, निबंधात नाही आणि कृतिपत्रिकेतही नाही. पण ज्या शाळेत संगणक आहे तिथल्या कुणा ना कुणा शिक्षकाच्या गळ्यात तो पडतोच. विषय आहे, संगणकात बसवलेली पॅकेजेस कमांड लाइनवरून अद्ययावत ठेवण्याचा. नाव ऐकून पान बंद करू नका. आधी एक गोष्ट सांगते, माझ्याच फजितीची.

एप्रिल २०२२. दोन वर्षे शाळा कधी बंद, कधी अर्धवट चालू. मुले पाढे पार विसरली होती. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेले तीन जुने संगणक आहेत. ते जुने असल्यामुळे त्यांवर उबंटू ही मोफत प्रणाली टाकलेली आहे. कोरोनाच्या काळात घरी बसून मी थोडे पायथन शिकले होते. डीएडला आम्हाला असले काही नव्हते, त्यामुळे सगळे व्हिडिओ बघून आणि चुका करूनच शिकले. त्यातून मी पाढ्यांच्या सरावाचा एक छोटा प्रोग्राम बनवला. मुलाने आपले नाव निवडायचे, समोर ‘१७ × ६’ असे प्रश्न येतात, शेवटी किती बरोबर ते दिसते. मुलांना तो फार आवडला. मधल्या सुट्टीत रांग लागायची.

वर्षाअखेरीच्या पालकसभेत मुलांनीच तो प्रोग्राम पालकांना दाखवायचा असे ठरले. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच थांबले. म्हटले, उद्या पालक येणार, सगळे नवे आणि नीटनेटके असू दे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, टर्मिनल उघडले आणि कोणती पॅकेजेस जुनी झाली आहेत त्याची यादी मागवली. वर्षभर मी त्या यादीकडे पाहिलेही नव्हते, त्यामुळे यादी चांगलीच लांब आली. त्यात फ्लास्क होते, ज्यावर माझा अख्खा प्रोग्राम उभा आहे. मी विचार केला, हे मुख्य आहे, याला हात नको. बारकी बारकी तेवढी नवी करू. जिंजा-टू, मार्कअपसेफ वगैरे पटापट नवी केली. चूक कुठेच दाखवली नाही. प्रोग्राम चालवून न बघता कुलूप लावले आणि घरी गेले.

सकाळी प्रोग्राम उघडेना. पडद्यावर इंग्रजी ओळींचा ढीग आणि सगळ्यात खाली एक वाक्य. त्याचा अर्थ असा, की जिंजा-टू मधून ‘एस्केप’ नावाची वस्तू आणता येत नाही. पालक बसलेले. चौथीतली एक मुलगी, जिने महिनाभर १९ च्या पाढ्यावर मेहनत घेतली होती, ती संगणकासमोर उभी. तिची आई मजुरीचा खाडा करून आली होती. आईने विचारले, ‘‘यंत्र बिघडलं का गं?’’ मुलगी म्हणाली, ‘‘नाही, बाईंनी नवं केलं म्हणून बंद पडलं.’’

मुलीने मग पाढा फळ्यावर लिहून दाखवला, पूर्ण बरोबर लिहिला. टाळ्याही पडल्या. पण तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेले नाही. कारण ते खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. नवे केले म्हणून ते बंद पडले नव्हते. वर्षभर न पाहता ठेवले आणि मग न वाचता नवे केले, म्हणून बंद पडले.

एक मागितले, सहा आले

तेव्हा नेमके काय झाले ते समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

आपण शाळेत खिचडी शिजवतो. खिचडीला तांदूळ लागतो, डाळ लागते, तेल लागते. तेल आपण गाळत नाही, डाळ आपण भरडत नाही. कुणीतरी केलेले आणतो आणि त्यावर आपली खिचडी करतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. आपला प्रोग्राम ज्या तयार पॅकेजवर अवलंबून असतो त्याला त्याची डिपेन्डन्सी म्हणतात. आणि त्या पॅकेजलाही त्याच्या स्वतःच्या डिपेन्डन्सी असतात. गिरणीवाला विजेवर अवलंबून, तसे.

मी एक आज्ञा देऊन फ्लास्क बसवले तेव्हा प्रत्यक्षात सहा पॅकेजेस आली होती. फ्लास्क स्वतः, वेबपानाचा साचा भरणारे जिंजा-टू, जिंजाला लागणारे मार्कअपसेफ, मागणी-उत्तराचे काम बघणारे वेर्कत्सॉइग (हा जर्मन शब्द आहे, अर्थ अवजार), आणि क्लिक व इट्सडेंजरस ही आणखी दोन. मी मागितले एक, घरात आले सहा जण.

मार्च २०२२ मध्ये जिंजा-टू ची ३.१ ही आवृत्ती आली. तिच्यात ‘एस्केप’ ही जुनी वस्तू काढून टाकलेली होती. ती मार्कअपसेफमधून घ्या, असे आधीपासून सांगितलेलेही होते. फ्लास्कच्या नव्या आवृत्त्यांनी तसा बदल केला होता. माझ्याकडचे फ्लास्क मात्र जुने, १.१ चे. ते जिंजाकडे ‘एस्केप’ मागत राहिले. जिंजा म्हणाले, माझ्याकडे नाही. झाले, दुकान बंद.

म्हणजे ज्याला मी ‘मुख्य’ समजून हात लावला नाही ते जुने राहिले, आणि ज्यांना ‘बारकी’ समजून नवी केली त्यांच्यावरच मुख्य उभे होते. त्या आठवड्यात मी फ्लास्कही नव्या आवृत्तीवर नेले आणि प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. चूक कळायला चार दिवस.

गुरुजींचे म्हणणे

आमच्या शाळेतले ज्येष्ठ गुरुजी तेव्हा मला म्हणाले, ‘‘मॅडम, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. तुम्ही स्वतःही म्हटले असेल. मी त्यांच्याशी मनातल्या मनात बरीच भांडले, आणि मग मला वाटले की त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर दिले पाहिजे. कारण ते म्हणणे मूर्खपणाचे नाही.

जो संगणक इंटरनेटला कधीच जोडला जात नाही, ज्यात बाहेरचा पेनड्राइव्ह लागत नाही, तो जसा आहे तसा चालू दिला तर फार बिघडत नाही. इथे गुरुजी बरोबर आहेत. पण आज असे संगणक किती उरले? आपण त्याच संगणकावर ऑनलाइन माहिती भरतो. मुलांची नावे, जन्मतारखा, आईवडिलांचे मोबाइल नंबर त्यातच ठेवतो. ही माहिती आपली नाही, लोकांनी विश्वासाने दिलेली आहे. तिथे ‘चालतंय ना’ हे उत्तर पुरत नाही. दाराची कडी सैल झाली तरी दार बंद होतेच की. फक्त ते बाहेरूनही उघडते.

हे किती महाग पडू शकते त्याचे उदाहरण सांगते. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली मोठी कंपनी, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी. ती वापरत असलेल्या अपाची स्ट्रट्स या पॅकेजमध्ये एक भोक सापडले. मार्च २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती मोफत उपलब्ध झाली. कंपनीच्या एका ठिकाणी ती बसवायची राहून गेली. मे महिन्यापासून चोर आत शिरले आणि १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती बाहेर गेली. दुरुस्ती आधीच तयार होती, पैसे लागणार नव्हते. आज्ञा द्यायची तेवढी राहिली होती.

दुसरे उदाहरण डिसेंबर २०२१ चे, लॉग-फोर-जे नावाच्या पॅकेजचे. त्याचे काम काय, तर नोंदी लिहिणे. आपल्या भाषेत, प्रोग्रामची दैनंदिनी. त्यात असा दोष निघाला, की बाहेरच्या माणसाने एक विशिष्ट मजकूर पाठवला आणि तो नोंदीत लिहिला गेला, की संगणक बाहेरून आणलेली भलतीच आज्ञा पाळू लागायचा. जगभर धावपळ झाली. खरी पंचाईत अशी होती, की कित्येकांना आपल्याकडे हे पॅकेज आहे हेच माहीत नव्हते. त्यांनी ते मागवलेलेच नव्हते. त्यांनी मागवलेल्या दुसऱ्याच पॅकेजच्या पोटातून ते आले होते. माझ्या सहा पाहुण्यांसारखे.

म्हणून माझे पहिले मत असे आहे. आपल्या संगणकात काय काय बसले आहे याची यादी आपल्याकडे हवी. वर्गात किती मुले आहेत हे माहीत नसताना सहलीला निघतो का आपण?

पण नवे म्हणजे चांगलेच असेही नाही

गुरुजींना उत्तर देताना मी दुसऱ्या टोकाला जाणार नाही. ‘रोज सगळे नवे करा’ असे सांगणारेही भेटतात. त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात एक गंमत झाली. गंमत आता म्हणायची, तेव्हा अनेकांचे काम ठप्प झाले होते. लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्याचे काम एवढेच, की एखादा मजकूर ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्ये भरायची. आपण ७ ला ००७ लिहितो तसे. नावावरून झालेल्या एका वादात त्याच्या लेखकाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या भांडारातून काढून घेतली. त्याबरोबर या ११ ओळीही गेल्या आणि जगभरातले मोठमोठे प्रोग्राम बांधले जाईनात. काही तासांत ते पॅकेज परत ठेवले गेले. पण सगळ्यांना एक धडा मिळाला. आपण ज्यावर उभे आहोत ती वीट कुणाची आहे, हे आपण पाहिलेलेच नसते.

दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची आणि ती जास्त गंभीर आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे पॅकेज. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस, पगाराशिवाय, सांभाळत होता. आपल्या एकशिक्षकी शाळेसारखे. काम वाढत होते, लोक तगादा लावत होते, माणूस थकला होता. अशा वेळी मदतीला म्हणून एक जण आला, दोनेक वर्षे चांगले काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले. त्याने दुर्लक्ष केले नाही, शोध घेतला, आणि हा प्रकार उघडकीला आला. डेबियन आणि उबंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचले नव्हते. ज्यांनी सगळ्यात आधी, सगळ्यात नवे घेतले त्यांच्याच घरात ते शिरले होते.

मग करायचे काय? जुने ठेवले तर चोर, नवे केले तर चोर?

नाही. मी यातून जे शिकले ते असे. थोडे करा, नियमित करा आणि वाचून करा. आपण मुलांना वजाबाकी शिकवताना हेच सांगतो ना? एकक आधी, मग दशक, प्रत्येक पायरी लिहा, शेवटी पडताळा. दहा पायऱ्या एकदम मारल्या की चूक कुठे झाली ते सापडत नाही. मी त्या संध्याकाळी वर्षभराच्या पायऱ्या एका दमात चढले, आणि पडताळा केलाच नाही.

काळा पडदा आणि आज्ञार्थी वाक्य

हे सगळे कमांड लाइनवरूनच का करायचे? बटण दाबून होत नाही का? होते. पण बटण काय करते ते आपल्याला दिसत नाही. काळ्या पडद्यावर संगणक जे करणार ते आधी लिहून सांगतो, विचारतो, आणि झाल्यावर काय झाले तेही लिहितो. आपण भाषेचे शिक्षक. लिहिलेले वाचायला आपण का घाबरावे? कमांड म्हणजे दुसरे काय, आज्ञार्थी वाक्य. ‘दार लाव’, ‘पाटी आण’. त्यात कर्ता लपलेला असतो, क्रियापद असते, कर्म असते. चौथीच्या मुलांना मी एकदा हे असेच समजावले. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळले.

उबंटूमध्ये दोन आज्ञा नेहमी लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत लिहिते, टाइप करताना मात्र इंग्रजी छोटी अक्षरे वापरायची. पहिली, ‘सुडो ॲप्ट अपडेट’. दुसरी, ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. नव्वद टक्के गोंधळ या दोन शब्दांचा असतो असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. अपडेट म्हटल्यावर काहीही नवे होत नाही! ते फक्त दुकानातून ताजी यादी आणते, कोणता माल आला आहे त्याची. माल घरात येतो तो अपग्रेडने. कित्येक जण पहिली आज्ञा देऊन ‘झाले अपडेट’ म्हणून उठतात. आणि काही जण यादी न आणताच दुसरी आज्ञा देतात, मग जुन्याच यादीप्रमाणे माल येतो.

या दोन्हींच्या मध्ये मी एक तिसरी आज्ञा देते, ‘ॲप्ट लिस्ट’ च्या पुढे दोन आडव्या रेघा आणि ‘अपग्रेडेबल’. म्हणजे यादीतले बदलण्याजोगे तेवढे दाखव. ते वाचायचे. मग अपग्रेड द्यायचे. संगणक पुन्हा सांगतो, इतकी पॅकेजेस नवी होणार, इतके एमबी उतरवावे लागतील, करू का? इथे ‘हो’ म्हणायच्या आधी पूर्ण वाचायचे. काही पॅकेजेस ‘मागे ठेवली’ असे लिहून येते, त्याला घाबरायचे नाही. साधे अपग्रेड बसवलेले काहीही काढून टाकत नाही, ‘फुल-अपग्रेड’ मात्र काढू शकते. हा फरक लक्षात ठेवा.

पायथनचे प्रोग्राम बनवत असाल तर त्यांची पॅकेजेस ‘पिप’ सांभाळतो. तिथे दोन सवयी लावून घ्या. एक, प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची वेगळी खोली द्या, तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. म्हणजे एका प्रोग्रामसाठी काही बदलले तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. दोन, काहीही बदलण्याआधी ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा देऊन आत्ता कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे ते एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. माझ्याकडे त्या संध्याकाळी ही एक फाइल असती, तर सकाळी दोन मिनिटांत मी जुन्या जागी परत गेले असते. मुलीला थांबावे लागले नसते.

आवृत्तीचे आकडे वाचा

आवृत्तीला बहुधा तीन आकडे असतात, जसे ३.१.२. त्यांचा अर्थ पाठ्यपुस्तकावरून चटकन कळतो.

शेवटचा आकडा वाढला, म्हणजे त्याच पुस्तकाचे पुनर्मुद्रण, मुद्रणदोष सुधारून. बिनधास्त घ्या, लवकर घ्या. मधला आकडा वाढला, म्हणजे त्याच पुस्तकात एखादा नवा पाठ घातला. बहुतेक वेळा अडचण नसते. पहिला आकडा वाढला, म्हणजे अभ्यासक्रमच बदलला. जुने टाचण चालणार नाही. असे पॅकेज सुट्टीत, निवांत, एकेकटे बदलायचे.

याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात आणि तो नियम टॉम प्रेस्टन-वेर्नर यांनी मांडला. पण तो सगळे जण तंतोतंत पाळतात असे नाही. माझ्या बाबतीत जिंजा ३.० वरून ३.१ झाले होते, म्हणजे मधलाच आकडा वाढला होता. तरी माझे घर कोसळले. म्हणून आकडा बघून अंदाज करा, पण पडताळा सोडू नका.

मी आता काय करते

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर अर्धा तास. परीक्षा, पालकसभा, शाळाभेट यांच्या आदल्या दिवशी कधीच नाही.

१. मुलांच्या नोंदी आणि प्रोग्राम यांची प्रत पेनड्राइव्हवर घेते.
२. आत्ताच्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये उतरवते.
३. यादी ताजी करते आणि वाचते. शेवटचाच आकडा बदललेली पॅकेजेस आधी घेते.
४. मधला किंवा पहिला आकडा बदललेले एका वेळी एकच घेते, आणि काय बदलले ते लिहिलेली टीप आधी वाचते.
५. लगेच प्रोग्राम चालवून बघते. एका मुलाच्या नावाने पाच प्रश्न सोडवते.
६. नोंदवहीत लिहिते. तारीख, पॅकेज, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, चालले की नाही.

शेवटच्या मुद्द्याला हसू नका. आपल्याकडे आवक-जावकेपासून साठ्यापर्यंत सगळ्याची नोंदवही असते. मग संगणकाची का नको? माझी बदली झाली तर पुढच्या शिक्षकाला तीच वही उपयोगी पडणार आहे.

आणि हो, उबंटू निवडताना दीर्घ आधाराची, म्हणजे एलटीएस आवृत्ती घ्या. ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पाच वर्षे कधी संपतात ती तारीख संगणकावर चिकटवून ठेवा.

शेवटी माझी मागणी

आपल्याला तंत्रस्नेही करण्यासाठी प्रशिक्षणे होतात. मी बरीच केली आहेत आणि त्यांतून खूप शिकलेही. पण माझ्या पाहण्यात आलेले प्रत्येक प्रशिक्षण ‘बसवा’ या शब्दावर संपले. हे ॲप बसवा, ते सॉफ्टवेअर बसवा. बसवल्यावर सांभाळायचे कसे, यावर एक तासही नव्हता. झाडे लावा म्हणतो आणि पाणी कोण घालणार ते ठरवत नाही, तसे झाले हे. माझे म्हणणे आहे की प्रत्येक तंत्रज्ञान प्रशिक्षणात एक तास देखभालीचा असावा. आणि जे सांभाळायला आपल्याकडे माणूस किंवा वेळ नाही ते बसवूच नये. कागदावरचा पाढ्यांचा तक्ता अद्ययावत करावा लागत नाही. तोही चांगलाच असतो.

काही जण म्हणतील, मॅडम, आधीच कामे कमी आहेत का? खरे आहे. हा अर्धा तास कुठल्याही अहवालात मोजला जात नाही. पण ज्यांनी जिंजा लिहिले, एक्सझेड सांभाळले, अर्ध्या सेकंदाचा माग काढला, त्यांच्यातल्या अनेकांचे कामही कुणी मोजलेले नाही. त्यांनी दुरुस्ती करून ठेवलेली असते. आपण ती घेतली नाही, तर त्यांची मेहनत आपल्या दारात पडून राहते.

गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मागच्या महिन्यात मी टर्मिनलसमोर बसले असताना ते मागे येऊन उभे राहिले. मी ‘हो’ दाबणार तेवढ्यात म्हणाले, ‘‘थांबा मॅडम, आधी वाचा तर खरं काय काय बदलणार आहे ते.’’ आम्ही दोघांनी मिळून यादी वाचली.

तुम्हीही या शनिवारी एवढेच करा. काहीही बदलू नका. फक्त यादी मागवा आणि तुमच्या संगणकात कोण कोण राहते ते वाचून काढा. पुढचे पुढच्या शनिवारी.